चार तर नट आहेत

...आणि वर मलाच विचारतात, "तू इथला नट उचललास का?" मी कशाला उचलू? मी काय नटांची आमटी करणार होते? तुम्हाला सांगते, आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात, आयुष्यात एकदाच बल्ब बदलला, तोही फुटला, आणि असा माणूस रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडून म्हणतो, "वायपर ना? त्यात काय, चार तर नट आहेत."

झालं होतं असं, की वायपर अर्ध्या काचेवरच अडकून बसले. खालची मोटर, दांडे, सगळा संचच गेलेला. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, सोमवारी दुपारी बसवतो." आणि सोमवारी सकाळी आठला माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन, आई राहते तीस किलोमीटरवर, आणि पाऊस चार दिवस हटायला तयार नाही. गाडी चालवणार मी, कारण ह्यांच्याकडे लायसन्सच नाही... हे शेजारी बसून उत्तर दिशा दाखवतात. शेवटी नवा संच मीच दुकानातून आणला. तर तो ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. चार तर नट आहेत म्हणे.

वरचे दोन नट निघाले. पण वायपरचा हात निघेल तर शपथ. मग ह्यांनी बंपरला पाय लावून असा ओढला, असा ओढला... की वायपर हातात आणि हे डबक्यात. काचेखालची प्लास्टिकची पट्टी उचकटली, तिच्या क्लिपा टकाटक तुटल्या. "जुन्याच होत्या." हो, आणि तुम्ही कोवळे. इतक्यात आईचा फोन, "जावईबापूंना म्हणावं, माझ्यापायी त्रास नका घेऊ." मी म्हटलं, आई, त्रास ते घेत नाहीयेत, देतायत.

दुपारी तीनला नवा संच बसला. हे ऐटीत म्हणाले, "लाव बटण." बॉनेट उघडंच, आणि मी मूर्ख, लावलं. वायपर उठले ते थेट बॉनेटवर आपटले, रंगाची सालपटं उडाली, आणि थांबले ते दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखे. ह्यांनी शांतपणे निदान केलं, "मोटरच खराब दिली."

आता माझा जीव आईत अडकलेला. सकाळी तिला न्यायचं कसं? नव्या संचाच्या खोक्यात चित्रांचा कागद होता, तो हे खाली अंथरून त्यावर बसले होते. उठवलं. कागदावर स्वच्छ लिहिलंय, आधी मोटर एकदा फिरवा, ती आपल्या जागी थांबू द्या, मग हात बसवा. ह्यांनी आधीच बसवलेले. मी हात काढले, मोटर फिरवली, हात आडवे ठेवून नट आवळले. वीस मिनिटं लागली. हरवलेला नट ह्यांच्याच रुमालात निघाला. हे म्हणाले, "बघ, चार तर नट होते."

सोमवारी धो धो पावसात आईला वेळेवर पोचवलं. ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली आणि ह्यांचा हात धरून म्हणाली, "जावईबापू, तुम्ही होतात म्हणून हो."

हे लाजले.

असू दे. अजून एका डोळ्याचं व्हायचंय, दोन्हींनी दिसायला लागलं की बघेल तीच.