डिश जरा डावीकडे

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने फोन स्पीकरवर टाकला होता. त्यावर तिचे आईबाबा एकदमच होते. बाबा गच्चीवर डिशपाशी आणि आई खाली टीव्हीसमोर.

"आई, चित्र आलं?"

"त्यांना सांग, काळाकुट्ट पडदा आहे."

"तिला विचार, बॉक्सची वायर टीव्हीत नीट खोचलीये का."

"त्यांना सांग, वायर मी लावलीये, म्हणजे नीटच आहे."

"अरे, तुम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय ना? मग थेट बोला की!"

"आमचं बोलणं बंद आहे," बाबा म्हणाले.

"परवापासून," आई म्हणाली.

"बरं. आई, डिश कुठे वळवायची त्यांनी?"

"जरा डावीकडे."

"वळवली."

"त्यांना सांग, आता उजवीकडे."

"बाबा, उजवीकडे."

"वळवली."

"आता परत डावीकडे."

"अगं, माझी काय भिंगरी करतेस? नक्की कुठे ते एकदा सांग ना मला!"

"बाबा, तुम्ही आईशी बोललात!"

मग मागे कुठेतरी गाणं ऐकू आलं.

"आई, हे गाणं कुठे लागलंय?"

"टीव्हीवर. चित्र केव्हाच आलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी कोण बोललं, ते ऐकलंस ना तू? बास. अहो, उतरा आता. शिडी सांभाळून."