यादी न उघडता

गौरी : ताई, फॉर्मवर परीक्षेचं केंद्र तळा आहे आणि खाली सही तुमचीच. आता मी काय करू?

विनिता : तू बोट ठेवलंस तिथं सही केली, बाय. पण तोंडानं चौलच सांगितलं व्हतं. राहते चौलला, परीक्षेला तळ्याला कशाला मरायला जाईन?

गौरी : छापून हातात दिल्यावर वाचायचं ना!

विनिता : चौलच्या शाळेत यादीत नाव न्हाय म्हणाले, तशीच धावत अलिबागला तुमच्या ऑफिसात आले. एक वाजला. दोनला पेपर. तळ्याला पोचायलाच दोन तास. बालवाडीत बारा वर्षं मदतनीस म्हणून काढली. पुढल्या वर्षी माझं वय बसत न्हाय. बालवाडीची बाई व्हायची ही शेवटची खेप हाय.

देवदत्त : गौरी, सरक. प्रोग्राम मी लिहिलाय, मला बघू दे. फॉर्मात काही बदललं की वेळेसकट नोंद होते. हे बघ, फॉर्म भरला त्या दिवशी अकरा बेचाळीसला चौल. अकरा त्रेचाळीसला तळा.

गौरी : मी नाही बदललं! देवदत्तदादा, मोठ्या साहेबांना, तात्यांना कळलं तर उद्यापासून मला घरी बसवतील.

देवदत्त : थांब गं. चौल निवडलं तेव्हा केंद्रांची यादी उघडलीय. तळा झालं तेव्हा उघडलेलीच नाही. चौल निवडून झाल्यावर तू काय करतेस?

गौरी : काय करणार? माउसचं चाक फिरवून खाली जाते, पुढचे रकाने भरायला. असं.

(पडद्यावर चौलच्या जागी तळा येतं.)

विनिता : आगं बाय! आपल्या आपण फिरलं!

गौरी : दादा, म्हणजे इतके दिवस...

देवदत्त : पान सरकायच्या ऐवजी यादी सरकत होती. बदल झाला एवढंच मी टिपत बसलो. मुद्दाम केला की चुकून, हे प्रोग्रामनं विचारायला हवं होतं. माझ्याकडूनही एकदा झालं होतं. म्हटलं, एवढं कोण चाक फिरवतंय.

विनिता : मग माझं काय?

देवदत्त : गौरी, चौलला फोन लाव. चूक देवदत्तची म्हणून सांग. तात्यांना लेखी मी देतो.

गौरी : हॅलो, अलिबाग ऑफिसातून... हो, चूक आमचीच... नक्की बसवताय ना? ताई, पळा! बसवून घेतायत.

विनिता : पळते. पण असं यादी न उघडता अजून किती जणींचं फिरलं?

देवदत्त : बघतो... नऊ.

विनिता : मग त्यांना फोन लाव, बाय, आत्ताच्या आत्ता. मी भांडायला तरी आले. त्या नाव न्हाय म्हटल्यावर गप घरी जातील.