दोरावर उडणारी खुर्ची

मी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. वडील जिनिंगमध्ये फिटर, आई घरीच. लग्न करून इकडे ओहायोला आले, डब्लिनला, तेव्हा मला सायकल तेवढी चालवता यायची, आणि आता बघा, स्कूल बस चालवते, ती पिवळी, लांबच्या लांब. आमचे हे कंपनीत डिझाइनला होते, तेच म्हणाले होते तुझा हात स्थिर आहे, बसचं लायसन्स काढ. आणि हात स्थिर म्हणूनच त्यांनी मला ते दुसरंही काम दिलं. तेच सांगायचंय तुम्हाला, पण आधी चहा घ्या, गार होतोय.

तर ह्यांना वेड होतं त्या खुर्चीचं. मी आपली खुर्चीच म्हणते, नाव मोठं आहे तिचं. महायुद्धात म्हणे एकेका माणसाची उडती यंत्रं करून बघत होते, इंजिन नाही, दारं नाहीत, नुसता पाइपांचा सांगाडा, एक सीट आणि डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा पंखा, तोही वाऱ्यानंच फिरणारा. इंग्रजांना पॅराशूटच्या ऐवजी एकेक शिपाई त्यातून खाली उतरवायचा होता. करून बघितलं, कोलमडलं, शेपटी बदलली, पुन्हा कोलमडलं, शेवटी नाद सोडला. जर्मनांनी तशीच एक सुटी करून पाणबुडीत ठेवली. पाणबुडी वर आली की खुर्ची जोडायची, माणूस बसवायचा आणि पाणबुडी जोरात पळवायची, की हा पतंगासारखा वर. खाली दोर, दोराबरोबर टेलिफोनची वायर, वरून तो सांगणार कुठं जहाज दिसतंय.

हे जेवताना असं सांगायचे की जसं काही शेजारच्या घरात घडतंय. एकदा मी विचारलं, आणि शत्रू आला, पाणबुडीला घाईनं बुडी मारायची झाली तर वरच्याचं काय? हे भात कालवत म्हणाले, मग दोर सोडायचा, तो पॅराशूटनं समुद्रात, जमलं तर नंतर येऊन उचलतील. जमलं तर! मी हातातला घास ताटात ठेवला. कोणाचा तरी नवरा असेल नं तो, म्हटलं. हे हसले, म्हणाले, तू इंजिनियरिंग सोडून बाकी सगळं बघतेस.

रिटायर झाले तशी गॅरेजमध्ये ती खुर्ची उभी राहायला लागली. गाडी बाहेर बर्फात आणि महाराणी आत. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, आर यू सीरियस? होतेच सीरियस. उगीच नाही, आधी शिकवणाऱ्याबरोबर बसून शिकले, मग स्वतःची केली. ओढायला पाणबुडी कुठून आणणार, तर आमचा पिकअप ट्रक, आणि चालवायला मी.

त्या वर्षी नागपूरहून मोठे भाऊजी आले होते, ह्यांचे थोरले भाऊ. ह्यांना बापासारखे, वडील गेल्यावर ह्यांना त्यांनीच शिकवलं. म्हणून मग दसऱ्यालाच पहिल्यांदा उडायचं ठरलं. सोयाबीन काढलेल्या शेतांमध्ये एक जुनी धावपट्टी, मालक ओळखीचा. मी ट्रकची पूजा केली, खुर्चीची केली, भाऊजींनी नारळ फोडला, ह्यांच्या हातावर दही दिलं, ह्यांनी हेल्मेट घातलं, ‘येतो’ म्हणाले आणि जाऊन बसले. भाऊजी खुर्चीच्या बाजूला, जरा मागे उभे, मोबाइलवर शूटिंग करत.

मी गाडी हळू पुढं घेतली, दोर ताणला, आरशात ह्यांनी अंगठा दाखवला. मग स्पीड. सांगितला होता तेवढाच, काटा हलू दिला नाही मी. आणि उचलले गेले हो. घराच्या छपराएवढे वर, आणि आमच्या दोघांतल्या रेडिओवर ह्यांचं हसणं, अगं दिसतंय, सगळं दिसतंय! मग आवाज बदलला. ओढतंय एका बाजूला, म्हणाले, दोर सोडतो. मग म्हणाले, सुटत नाहीये. मी ब्रेक दाबला तोवर आरशात खुर्ची आडवी झाली होती. पंखा जमिनीला लागला. तो आवाज मी नाही सांगणार तुम्हाला.

खुर्चीच्या पुढच्या चाकाच्या दांड्याला दोराचा वेढा पडला होता. सैल होता तेव्हाच पडला असणार. हुक उघडला होता ह्यांनी, पण दोर त्या दांड्यानं धरलेला, तो कसला सुटतोय. तिकडं युद्धात दोर सोडला की माणूस जायचा, आमचा सुटला नाही म्हणून गेला.

तेरावा झाल्यावर भाऊजी इथंच बसले होते, तुम्ही बसलात त्याच सोफ्यावर. म्हणाले, मला दिसला होता तो वेढा, गाडी हलली तेव्हाच दिसला होता. तोंड उघडलं होतं मी. पण दही दिलेलं, नारळ फोडलेला, निघालेल्या माणसाला मागून हाक कशी मारायची? म्हटलं असंच बांधायचं असेल, त्याला कळतं त्यातलं. आणि गप्प राहिलो.

मी उठून आत गेले, कणीक घेतली आणि मळत राहिले. कोणाला बोल लावू? मीही तशीच वाढलेली. बाबांना मागून हाक मारली म्हणून लहानपणी आईचा मार खाल्लाय मी. बाहेर येऊन म्हटलं, भाऊजी, तुमचा काय दोष. तोंडानं म्हटलं. आतून नाही आलं, अजून येत नाही. रविवारी त्यांचा फोन येतो, थंडी किती, गुडघे कसे, एवढंच बोलतो. ते वाट बघतात, मला कळतं ते. देवानं मला तेवढं मोठं मन द्यावं, ते आहेत तोवर द्यावं.

बस मात्र सोडली नाही. पोरं उतरून पाठमोरी चालायला लागली की मी मारते हाक, हे, युअर शूलेस! लुक बोथ वेज! हसतात मला. हसू देत.

आता तुम्हालाही निघायचंय, लांब ड्राइव्ह आहे. सुखरूप जा, देव उदंड आयुष्य देवो. मी दारातून हाक मारीन, अहो, थांबा, म्हणून. अपशकुन म्हणून चिडू नका. ‘येतो’ नाही म्हटलं तरी चालेल, ते तर आमच्या ह्यांनीही म्हटलं होतं. वळून तेवढं बघा.