उत्तरार्धाबद्दल दोन ओळी

समीक्षक – ...आणि त्याच्या खाली लिही, ‘नायिका अडीच तास रडते, पण काजळ जागचं हलत नाही.’

लेक – बाबा, तेव्हाही तुम्ही पेपरात हेच लिहिलं होतं. हे बघा कात्रण.

समीक्षक – मग? मत बदलायला मी काय पुढारी आहे? दिवाळी अंकवाल्यांना त्या एका जुन्या वर्षातल्या सगळ्या सिनेमांवर माझी मतं हवीत, तीच देतोय. पुढचा.

लेक – तो वकिलाचा. ‘टुकार’ म्हटलंय तुम्ही.

समीक्षक – तिथे चुकलो. परवा पुन्हा बघितला. चांगला होता बिचारा. लिही, ‘माफी मागतो.’

लेक – अरे वा! तुम्ही आणि माफी!

समीक्षक – वय झालं. संपली ना यादी? चहा टाक.

लेक – एक राहिलाय. काकाचा.

समीक्षक – तो नको.

लेक – सगळे हवेत ना? काकाने जन्मात एकच सिनेमा काढला, तोही नेमका त्याच वर्षी. लोक म्हणतील, सख्ख्या भावाचाच गाळला.

समीक्षक – लोक काय म्हणतील, यानेच तर घात केला. भावाला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, म्हणून पेन पाजळूनच बसलो होतो मी.

लेक – वाचू? ‘पूर्वार्ध संथ. उत्तरार्धात तर सिनेमा पार ढेपाळतो. दिग्दर्शकाने दुसरा व्यवसाय बघावा.’

समीक्षक – बघितला की त्याने. मरेपर्यंत लोकांचे पासपोर्टचे फोटो काढत बसला. ‘मान सरळ, हनुवटी वर.’

लेक – जाऊ द्या ना. तुमचं मत होतं, तुम्ही लिहिलंत.

समीक्षक – मत नव्हतं गं ते.

लेक – म्हणजे?

समीक्षक – शुक्रवारी तीन-तीन सिनेमे लागायचे आणि सातला पान छपाईला जायचं. मी मध्यंतराला उठायचो. अर्धा बघायचा, पुरा लिहायचा. ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ हे वाक्य कुठेही खपायचं.

लेक – काकाच्या सिनेमालासुद्धा उठलात?

समीक्षक – उठलो.

लेक – बाबा!

समीक्षक – म्हटलं, पुढच्या आठवड्यात सावकाश बघू. त्याआधीच थिएटरवरून उतरला. मग एकुलती एक प्रिंट गोदामात पाणी शिरून गेली. त्याला सांगायचं होतं गं मला. गेल्या वर्षी दवाखान्यात अगदी तोंडाशी आलं होतं. तर तोच म्हणाला, ‘दादा, शेवट खरंच लांबला होता का रे?’

लेक – मग?

समीक्षक – म्हटलं, थोडासा.

(लेक लॅपटॉप मिटते.)

लेक – मी पाहिलाय तो.

समीक्षक – तू? कधी?

लेक – लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी. आई घेऊन गेली होती, तुम्हाला न सांगता. सात वर्षांची होते मी.

समीक्षक – शेवटी काय होतं गं?

लेक – नीट नाही आठवत. एक म्हातारा सायकल शिकत असतो... लोक हसत होते आणि आई रडत होती. काका आत बसलाच नाही. मागे दाराशी उभा होता, कोण उठून जातंय ते बघत.

समीक्षक – कोण गेलं?

लेक – कोणीच नाही. निघताना आईला म्हणाला, ‘वहिनी, काल फक्त एक जण गेला.’ मला तेव्हा काही कळलं नाही. आईला मात्र कळलं असावं.

समीक्षक – म्हणजे दवाखान्यात विचारलं, तेव्हा त्याला ठाऊक होतं.

लेक – असणारच, बाबा.

समीक्षक – आणि मी म्हटलं, थोडासा.

लेक – चहा टाकते.

समीक्षक – थांब. उघड तो लॅपटॉप. सिनेमाचं नाव लिही, त्याचं नाव लिही, पूर्ण. आणि खाली लिही, ‘पूर्वार्ध संथ नव्हता. उत्तरार्ध मी पाहिलेला नाही.’