हलकं केलेलं कर्नेल

हॅलो?… आत्ता सवड झाली होय रे, अर्लन? मिनिआपोलिसला गेलं की बहिणीचे फोन उचलायचे नसतात का?… मीटिंग गेली खड्ड्यात! इथे चौथ्या हौदात मासे उलटे होऊन तरंगताहेत… हो, ट्राउटची पिल्लं. सुपीरियर सरोवरात सोडायची होती ती. अर्धी गेली!

वीज कुठे गेली होती?… ऑक्सिजन मोजणाऱ्या कांड्याही धड आहेत. तुझ्या त्या संगणकालाच त्या दिसत नाहीयेत!… पडद्यावर? पडद्यावर रविवारचाच आकडा, झकास हिरवा. भोंगा वाजणार कसा?

रविवारी दोनदा हॉटडिश वाढून घेतलंस, आणि जाता जाता काय केलंस?… संगणकाचा गाभा, ते कर्नेल, हलकं केलंस. बरं… या यंत्रात जे जे भाग नाहीत, त्यांची सोय काढून टाकलीस… आणि जे आहेत त्यांची रे?… अरे, ऐक ना! कांड्यांच्या वायरी मागच्या जुन्या कार्डात जातात!… 'आजकाल कोण वापरतं' म्हणजे? आपण वापरतो, शहाण्या!… चटकन चालू होतं? त्याचं काय लोणचं घालू?

मग जुनं कर्नेल दे लावून… बंद करून चालू केलं कधीच. चालू होताना यादीत एकच नाव येतंय, नव्याचं… काय? जुनं पुसलंस? जागा हवी म्हणून?… अर्लन, समोर असतास ना तू आत्ता…

माफी नंतर माग. आधी बोल, काय करू?… खोकं उघडलंय. हं, कार्ड दिसतंय. केवढी धूळ… चिपवर बारीक अक्षरं आहेत, वाचते… 'डी' नाही रे, 'बी'! बोटीतला 'बी'!… हो, बरोबर.

आता सगळं पुन्हा बांधायचं?… या कार्डापुरताच तुकडा बनवून पाठवतोस? बनव. फोन ठेवू नकोस… हौदात हवा सोडलीय मी हातानं.

बाबा?… हौदाच्या कठड्यावर बसलेत. जाळीनं मेलेली वेचताहेत… भोंगा वाजला की हवेची झडप उघडायची, हे त्यांचं काम ना? त्यांना वाटतंय, भोंगा वाजला आणि आपल्यालाच ऐकू आला नाही. 'मार्लिस, कान गेले माझे, मला आता इथे ठेवू नकोस,' म्हणाले… हो, सांगितलं की! दोनदा सांगितलं. त्यांना वाटतं, मी समजूत काढतेय.

आला तुकडा… चढवला… थांब… हलले! आकडे हलले रे! चौथा पाचवर… साडेपाच… चढतोय.

आभार कसले मानतोस?… नाही. संध्याकाळी नाही, आत्ता बोल बाबांशी… लाज वाटते तर वाटू दे. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय पटायचं नाही त्यांना.

बाबा! अहो बाबा, ती जाळी ठेवा जरा… अर्लन आहे. घ्या… अहो, येतंय तुम्हाला ऐकू, चांगलं येतंय. घ्या ना फोन.