दोन सायलेन्सर

राऊ गावाजवळच्या पीयूसी सेंटरवर वसुंधराबाई स्कूटर घेऊन लाइनीत उभ्या होत्या. पुढच्या जुन्या मोटरसायकलवर हँडल धरून एक मुलगी आणि मागे तिचे वडील बसले होते. शेजारच्या बाइकवाल्या तरुणाला राहवलं नाही.

"काकाजी, आवाज काय मस्त आहे. कार्बोरेटर दोन ना?"

"दोन. सेकंडहँड घेतली तेव्हा एक बाजू चालायची, दुसरी नुसती खोकायची."

"मेकॅनिक कोण, काकाजी?"

"घरचेच. मी आणि ही ऋजुता."

"पण दोन्ही सारखे केले कसे?"

"सोपं आहे. दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळवा धरायचा. हवेचा धक्का दोन्हीकडे सारखा लागला की झालं."

"म्हणजे तळवे तुमचे आणि कार्बोरेटरचा स्क्रू हिच्या हातात."

"नाही रे. लकव्यानंतर माझा डावा हात सुन्न आहे. म्हणून उजवीकडे माझा तळवा, डावीकडे हिचा. स्क्रू ही दुसऱ्या हातानं फिरवायची."

"दोन माणसांचे हात. मग सारखं झालं हे कळणार कसं?"

"भांडून. मी म्हणायचो बस, ही म्हणायची अजून थोडं. अख्खा रविवार तेच."

"मग जिंकलं कोण?"

"आवाज ऐकतोयस ना?"

वसुंधराबाईही ऐकत होत्या. तेवढ्यात तपासणीवाला नळी घेऊन आला आणि गाडीमागे थबकला.

"इसमें तो दो सायलेन्सर हैं. पाइप किसमें डालूँ?"

बाप-लेक मागे न बघता एकदमच म्हणाले, "किसी में भी डाल दो."