भित्र्या माणसाची सोय

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. चंदगडी बोलीतले मी आयुष्यभर जमवलेले शब्द एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होते आणि तो नव्या लॅपटॉपवर उघडेना. शेवटी आमच्या सूनबाईने त्या लॅपटॉपच्या आतच एक जुना संगणक उभा करून दिला. नव्या पडद्यावर एक चौकट आणि त्या चौकटीत माझं जुनं विंडोज! शब्द दिसले आणि माझे डोळेच भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यात ‘जागा अपुरी’ असं झळकलं. मी घाबरून दिसेल ते पुसत सुटलो आणि त्यात शब्दही गेले. डॉक्टरेट मिळवलेला माणूस मी, पण लहान पोरासारखी हाक मारली.

"सूनबाई, गेलं गं सगळं!"

"कुठं न्हाय गेलं, आप्पा. त्या आतल्या संगणकाची जशीच्या तशी प्रत कालच काढून ठेवलीया. तुम्ही भिऊन कायतरी दाबणार, ठाऊक होतं की मला."

तिने ती प्रत लावली आणि कालचा संगणक शब्दांसकट परत आला. माझ्या भित्रेपणाची इतक्या मायेने आधीच सोय आजवर कुणी केली नव्हती. मी म्हणालो, "माणसाची अशी प्रत निघत असती, तर मलाही कालच्यावर नेलं असतंस."

"काय उपयोग, आप्पा? काल बी तुम्ही भ्यालेलाच होता की!"